पाहुण्यांना कुस्ती दाखवायची तर आधी भजी

गेल्या चैत्रात माझ्या लेकीच्या ऑफिसातले दोघं मेक्सिकन पाहुणे आमच्याकडं चार दिवस राहून गेले. एक उंच गडी आणि एक बाई. शेवटच्या दिवशी मी त्यांना एका गावच्या जत्रेत कुस्त्या बघायला नेलं. लेकीनं फोटो टाकले आणि तेव्हापासून मला फोन सुरू झाले. कुणाचा जर्मन जावई येणार असतो, कुणाची नातवंडं अमेरिकेतून पहिल्यांदाच येणार असतात. "काकू, तुम्ही कसं जमवलंत ते सांगा की." प्रत्येकाशी तासभर बोलण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

मी सांगलीत विश्रामबागेत बावीस वर्षं खानावळ चालवली. कॉलेजच्या पोरांना भाकरी-आमटी घातली, त्यामुळं माणसाला कधी, किती आणि कशानंतर काय वाढायचं एवढं मला कळतं. कुस्तीचं म्हणाल तर आमचे आबा पैलवान. त्यांच्या थंडाईचे भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत लाकडी दांड्यानं घोटायचे, हे काम दहाव्या वर्षापासून माझं. हात भरून यायचे. पण आबांची एकही कुस्ती मी बघितली नाही. त्या वेळी बायका मैदानाला जात नसत. आबा रात्री आले की त्यांच्या कानातली तांबडी माती बघून कळायचं, आज कुस्ती कशी झाली. माती पाठीला असेल तर आम्ही कुणी बोलायचो नाही.

त्यामुळं खुर्चीत बसून कुस्ती मी पहिल्यांदा बघितली ती वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, आणि तीही मेक्सिको सिटीत. ती संध्याकाळ आधी सांगते, कारण पाहुण्यांना कसं हिंडवायचं ते मी तिथंच शिकले.

मेक्सिकोतली शिकवणी

लेकीनं आणि जावयानं एका गाईड पोरीबरोबर आमची संध्याकाळ ठरवली होती. आधी रस्त्यावरचं खाणं, मग लुचा लिब्रे. तिथल्या मुखवटेवाल्या कुस्तीचं हे नाव, अर्थ साधा, मोकळी कुस्ती. पोरीनं निघायच्या आधीच बजावलं होतं, दुपारी जेवू नका. मला ते पटलं. खानावळवालीला पोट रिकामं ठेवून येणारं गिऱ्हाईक ओळखता येतं, ते वाढणाऱ्याला दुवा देतं.

पहिला थांबा फुटपाथवर बसलेल्या एका बाईपाशी. पुढ्यात तवा, त्याला तिथं कोमाल म्हणतात. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेलं निळसर पीठ. ती बाई त्याचा गोळा तळहातावर थापायची, आत घेवड्याचं पुरण भरायची आणि नावेसारखा लांबट आकार देऊन भाजायची. याला त्लाकोयो म्हणतात. थापण्याचा आवाज अगदी आमच्या चुलीपुढचा. आणि वर काय घालावं? निवडुंग! काटे काढून, चिरून शिजवलेला. आमच्या जत-आटपाडीकडं बांधाला उभा असतो तोच फड्या निवडुंग. तो मूळचा तिकडचाच, हे मला तिथं कळलं. चव भेंडी आणि हिरव्या घेवड्याच्या मधली, जरा आंबूस.

दुसऱ्या ठिकाणी जावयानं ताको खाल्ले. उभ्या सळईवर मसाला लावलेलं डुकराचं मांस फिरत असतं, वर अननस खोचलेला. गडी सुरीनं मांस खाली तोर्तियावर, म्हणजे मक्याच्या पातळ पोळीवर पाडतो आणि त्याच झटक्यात अननसाची फोड उडवून त्यावर झेलतो. लेबनॉनहून आलेल्या लोकांनी आपला शोरमा तिकडं नेला, त्याचं हे रूप. मी खाल्लं नाही, पण बघत उभी राहिले. वरून बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. हे तिन्ही लक्षात ठेवा, पुढं लागणार आहेत.

प्रत्येक थांब्यावर एकच पदार्थ, तोही उभ्या उभ्या. पोटभर कुठंच नाही. मग त्या पोरीनं आम्हाला मुखवट्यांच्या दुकानांपुढं उभं केलं आणि कामाची गोष्ट सांगितली. रिंगणात दोन बाजू असतात. तेक्निको म्हणजे नियमानं लढणारे, रूदो म्हणजे दांडगट, पंचाची पाठ वळली की लबाडी करणारे. "आत जायच्या आधी ठरवा, तुम्ही कुणाकडून?" जावई तेक्निकोकडून, लेक रूदोकडून. मी आबांची लेक, मी काय सांगणार? मी विचारलं, "हे खरं असतं का नुरा?"

नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती. आमच्याकडं यापरती शिवी नाही. नुरा झाल्याचा नुसता संशय आला तरी मैदानात चपला पडतात. लेकीनं कसंबसं भाषांतर केलं. पोरगी हसली. म्हणाली, पडणं खरं असतं, लागतंही खरंच. कोण जिंकणार तेवढं आधी ठरलेलं असतं, आणि ते सगळ्यांना माहीत असतं.

आरेना मेहिको ही तिथली कुस्तीची मोठी इमारत, 1956 साली बांधलेली, सोळा हजारांवर माणूस बसतो. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून 2,240 मीटरवर, पायऱ्या चढताना मला धाप लागली. आत बघते तर निम्म्या बायका. माझ्या वयाच्या आज्ज्या पदर खोचल्यागत बाह्या सारून रूदोंना शिव्या घालत होत्या. पहिली दहा मिनिटं मी हाताची घडी घालून बसले. मग एका जाडजूड रूदोनं समोरच्याच्या मुखवट्याची नाडी सोडायला घेतली. मुखवटा ओढून काढणं हा तिथं मोठा गुन्हा, काढला तर कुस्तीच हरतो. आणि मी उठून मराठीत ओरडले, "ए मुडद्या, सोड की त्याला!" शेजारच्या आजीनं माझ्या पाठीवर थाप मारली.

तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख झालं. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीता स्वयंवर केलं ते आमच्या सांगलीत. त्या जुन्या नाटकांत राक्षसपार्टी आरडाओरडा करत, नाचत यायची आणि लोकांना राक्षस कोण, देव कोण, शेवटी कोण पडणार हे घरून निघतानाच ठाऊक असायचं. रावण खोटा म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागितले नाहीत. लुचा लिब्रे तसं बघायचं. कुस्तीच्या मापानं मोजायला गेलं तर ती नुरा, आणि नाटकाच्या मापानं बघितली तर अंग मोडून केलेलं काम. तिथला सगळ्यांत मोठा गडी एल सान्तो, चंदेरी मुखवट्याचा. त्यानं चाळीसेक वर्षं लोकांना तोंड दाखवलं नाही. 1984 साली गेला तेव्हा मुखवट्यासकट पुरला. सोंग असं निभावावं लागतं.

आता आपल्याकडं उलटं काम आहे. आलेल्या पाहुण्यानं हे असलं काही टीव्हीवर बघितलेलं असतं आणि त्याला तांबड्या मातीतली खरी कुस्ती दाखवायची असते.

मैदान कसं निवडायचं

पाडवा झाला की आमच्या भागात जत्रांचा हंगाम लागतो, तो वैशाख संपेपर्यंत. साधारण पहिल्या दिवशी पालखी आणि पुरणपोळीचा गोडा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी खारं, म्हणजे मटणाचं जेवण आणि दुपारनंतर कुस्त्या. रस्त्याला फ्लेक्स लागतात, त्यावर एक नंबरपासूनच्या जोड्या फोटोसकट, खाली इनामाचे आकडे आणि कमिटीचे फोन. त्यातला एक फोन लावा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली कुस्ती किती वाजता लागणार, एक नंबरची, म्हणजे सगळ्यांत मोठी, किती वाजता लागणार, आणि बायकांना बसायला कुठं. तिसऱ्या प्रश्नाला पलीकडचा माणूस घुटमळला तर दुसरं गाव बघा.

कुंडलचं मैदान मोठं नावाजलेलं, डोंगराच्या उतारावर माणसांची अशी दाटी की खालचा हौदा, म्हणजे कुस्तीचं रिंगण, परातीएवढा दिसतो. ते एकदा बघावंच. पण नवख्या पाहुण्याला आधी लहान गाव बरं. हौद्यापासून दहा हातांवर बसायला मिळतं, अंगावर माती उडते. जमल्यास पोरींच्या कुस्त्या असतील असं मैदान गाठा. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीनं घेतली. तेव्हापासून आमच्याकडं फ्लेक्सवर पोरींचे फोटो जास्त दिसायला लागलेत, असं मला तरी वाटतं.

आणि वळवाचं भान ठेवा. मी ठेवलं नव्हतं. पाहुण्यांच्या दुसऱ्याच दिवशी मी त्यांना एका गावाला घेऊन गेले होते. चार वाजता आभाळ काळं झालं, साडेचारला गारा. कमिटीची पोरं ताडपत्री घेऊन हौद्याकडं धावली, पण माती भिजलीच, मैदान रद्द. आम्ही शाळेच्या व्हरांड्यात तास काढला, पाहुण्यांना वाटलं हाच कार्यक्रम. म्हणून दोन गावं हाताशी ठेवा, आणि तेही नाही जमलं तर सांगलीत एखाद्या तालमीत वस्तादांना विचारून पहाटे पोरांचा सराव दाखवा. चपला बाहेर, फोटो विचारून. तालमीतली माती खोऱ्यानं खणताना जो वास येतो तो मैदानात येत नाही. त्या मातीत तेल, ताक, लिंबू, काव, कापूर, हळद सगळं मुरलेलं असतं, आणि हळदीची तर आमची बाजारपेठच. पाहुण्यांना मार्केट यार्डातून नेऊन मग तालमीत नेलंत तर नाकानंच सगळं कळतं.

खाण्याचा क्रम

दुपारचं जेवण अर्धं. मी ताकभात दिला आणि वाढ मागितली तरी दिली नाही. उंच पाहुणा पातेल्याकडं बघत राहिला, पण तिथं मन घट्ट करायचं.

पहिला थांबा सांगलीतच, भडंग. चुरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट, पिठीसाखरेची किंचित चव. पुडा फोडून तसाच हातात देऊ नका, ते प्रवासात चघळायचं झालं. एक मोठं पातेलं, सुरी, दोन कांदे, कोथिंबिरीची जुडी, चार लिंबं घरून न्या. गाडी बाजूला घेऊन कालवा आणि लगेच वाटा. दहा मिनिटं ठेवलंत की मऊ पडतं आणि मग सांगलीची अब्रू जाते. मी आयर्विन पुलाच्या अलीकडं कृष्णेच्या काठावर बसून कालवलं. बाईनं पहिला घास घेतला आणि कांदा, कोथिंबीर, लिंबाकडं बोट दाखवून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. लेकीनं सांगितलं, "म्हणते, हा तर ताकोच, नुसती तोर्तिया विसरलात." त्यात मिरची आणि शेंगदाणा दोन्ही त्यांच्याच बाजूच्या जगातून इकडं आलेले. आता आपण त्यांना वाढतोय आपलं म्हणून.

दुसरा थांबा जत्रेतली भजी. भज्याची गाडी निवडताना गर्दी बघू नका, कढई बघा. तेलाला फेस येत असेल, रंग चहासारखा झाला असेल तर पुढं चला. घाणा आपल्यासमोर निघाला पाहिजे. कांदाभजी आधी, मग मिरचीभजी, माणशी दोन, बस्स. मेक्सिकन माणसाला तिखटाची भीती घालू नका. उंच पाहुण्यानं पाच मिरच्या देठासकट संपवल्या आणि गाडीवाला बायकोला हाक मारून म्हणाला, "अगं बघ, ह्यो आपल्यातलाच हाय." भीती घालायची ती पाण्याची आणि बर्फाची. बाटलीबंद पाणी गाडीत ठेवा, रस प्यायचा तर बिनबर्फाचा आणि चरक धुतलेला बघून. गारेगार कितीही मागितलं तरी नाही म्हणा.

रेवड्या मात्र घ्याच, पण खायला नाही. मैदानाच्या सुरुवातीला लहान पोरांच्या कुस्त्या पूर्वी रेवड्यांवर आणि खोबऱ्याच्या वाटीवर लागायच्या, आता पन्नास-शंभर रुपयांवर लागतात. रेवडीची पुडी हातात ठेवून ही गोष्ट सांगितली की पाहुण्याच्या डोक्यात बसते.

तिसरं खाणं कुस्त्यांनंतर, ते शेवटी सांगते.

गाडीत शिकवायचे शब्द

जास्त नको, पाच पुरेत. हौदा, म्हणजे मातीचं रिंगण. शड्डू, म्हणजे मांडीवर-दंडावर थाप मारून दिलेलं आव्हान. गाडीत सगळ्यांनी एकदा मारून बघावा, अवघडलेपण तिथंच जातं. वस्ताद. हलगी. आणि चितपट. दोन्ही खांदे मातीला टेकले की संपलं. मेक्सिकोत पंच जमिनीवर हात आपटून तीन मोजतो आणि तिसऱ्याला गडी खांदा उचलतो, लोक वेडे होतात. शिवाय कित्येक लढती तीनपैकी दोन फेऱ्यांच्या. आपल्याकडं मोजणं नाही, दुसरी फेरी नाही. हे आधी सांगितलं नाहीत तर पाहुणा पाणी प्यायला मान वळवतो आणि एक नंबरची कुस्ती त्याच्या घोटात संपते.

डावांपैकी तीन दाखवा. पट, म्हणजे खाली झेपावून पाय उचलायचा. धोबीपछाड, धोबी कपडा आपटतो तसा खांद्यावरून. घिस्सा, खाली दाबलेल्या गड्याला लंगोटाला धरून उलथवायचा. ढाक, कलाजंग वगैरे राहू द्या, ते मलाही धड ओळखता येत नाहीत.

खरं-खोट्याचं गाडीतच मिटवा. इथं कोण जिंकणार ते कुणाला माहीत नाही, आणि ज्याला माहीत असेल त्याला लोक सोडत नाहीत. उंच पाहुण्यानं लगेच विचारलं, "मग रूदो कोण?" आली का पंचाईत! कुस्तीत रूदो नाही. पण पाहुण्याला बाजू दिल्याशिवाय रंग चढत नाही, हे मी त्या गाईड पोरीकडून शिकलेले. म्हणून फ्लेक्सचा फोटो काढून ठेवा आणि प्रत्येकाला एक गडी वाटून द्या, गावावरून, लंगोटाच्या रंगावरून, नाहीतर चिठ्ठी टाकून. त्याला खाली पाडणारा तो तुमचा रूदो, पुढच्या कुस्तीला तोच तुमचा तेक्निको झाला तरी हरकत नाही.

वाटेत वेळ असेल तर माणसं सांगा. कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपत आंदळकर, दोघं आमच्या जिल्ह्यातले हिंदकेसरी, आणि दोघांनीही 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणलं. पुण्याकडून येणार असाल तर कराडजवळ गोळेश्वर लागतं, ते खाशाबा जाधवांचं. 1952 ला हेलसिंकीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मायदेशी आले तेव्हा दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि मेक्सिकन पाहुणा असेल तर राखून ठेवायची गोष्ट ही, त्या स्पर्धेत खाशाबांनी पाडलेल्यांत एक मेक्सिकोचा होता, लिओनार्दो बासुर्तो. मी हे सांगितल्यावर गाडीत दोन मिनिटं शांतता. मग बाई म्हणाली, "आज आम्ही बदला घ्यायला आलोय."

मैदानात

चारच्या आत पोचा. पश्चिमेच्या बाजूला बसा म्हणजे ऊन पाठीवर येतं. सतरंजी, टोपी, धुळीसाठी रुमाल. बायकांनी आधी ओळखीच्या घरी जाऊन यायचं, मैदानावर सोय नसते, आणि हे पुरुषांच्या लक्षात राहत नाही म्हणून मी लिहिते. हलगीवाल्यांच्या जवळ जागा मिळाली तर सोडू नका. कान बसतात, पण कुस्ती कुठं तापली ते हलगीच सांगते. गडी नुसते एकमेकांच्या मनगटाला झोंबत असले की ठेका सावकाश, एकानं पट काढला रे काढला की हलगी, घुमकं, कैताळ एकदम उसळतं. भाषा न येणाऱ्याला यापरतं निवेदन नाही.

माईकवाला तुम्हाला ओळखणारच. "मेक्सिको देशाहून आपल्या मैदानासाठी खास आलेले पाहुणे" असं ओरडलं की फेटा, नारळ, शाल, वीस मिनिटं गेली. ना म्हणू नका. आणखी एक होईल: मोठ्या कुस्तीला पाहुण्यांच्या हातानं जोड लावतात, म्हणजे दोन्ही पैलवानांचे हात मिळवायला आत बोलावतात. चप्पल बाहेर, आत पाय ठेवताना माती कपाळाला. बाईला आत बोलावलं तर आधी कमिटीला हळूच विचारा. आमच्या वेळी बाईचा पाय हौद्याला लागलेला चालत नसे, काही गावांत जुनी माणसं अजून कुरकुरतात. त्या दिवशी मी विचारलं तर सरपंच म्हणाले, "पोरी कुस्त्या खेळायल्यात, पाहुणीनं काय घोडं मारलंय? येऊ द्या की." बाई आत गेली. मी मात्र दोरीच्या अलीकडंच उभी राहिले. का, ते मलाही सांगता येत नाही.

एक सूचना नीट द्या, मी दिली नव्हती. मेक्सिकोत शिव्या घालणं हा तिकिटाचाच भाग. इथं नाही. उंच पाहुण्यानं आपल्या गड्याचा विरोधक शड्डू ठोकत आला तेव्हा दोन्ही हात तोंडाशी नेऊन असा हूटिंगचा सूर लावला की आजूबाजूची पन्नास माणसं वळून बघायला लागली. त्या पोराचा बाप आमच्या पुढंच बसलेला. लेकीनं माफी मागितली, त्यानं हसून मान हलवली, पण कान लाल झालेले मला दिसले. इथं डावाला दाद द्यायची, आणि जिंकलेला फिरत आला की हातावर नोट ठेवायची. दहा-वीस-पन्नासच्या सुट्या नोटा बरोबर ठेवा. हरलेलाही चांगला लढला तर त्यालाही द्या, लोक तुमच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात.

मोठ्या कुस्तीत खडाखडी लांबते. दहा-दहा, पंधरा-पंधरा मिनिटं दोघं डोक्याला डोकं लावून फिरतात आणि पाहुणा फोन काढतो. तेव्हा त्याला पाय बघायला सांगा.  आणि कान बघायला सांगा. मुरलेल्या पैलवानाचे कान मोडलेले असतात, घासून घासून आतलं मऊ हाड मुडपतं आणि कान सुकलेल्या अंजिरासारखा होतो. आबांचा डावा कान तसा होता, न्हाऊ घालताना मी लहानपणी त्यात बोट घालून बघायची. आरेना मेहिकोत मी कान शोधत होते, पण मुखवट्याखाली दिसत नव्हते. बाहेर पडताना मुखवटे विकणारा एक म्हातारा भेटला, त्याचे दोन्ही कान अंजीर झालेले. मी माझ्या कानाला हात लावून दाखवला. त्यानं मुखवट्याचे पैसे कमी केले.

तो मुखवटा, चंदेरी, मी नातवासाठी आणला होता, पण नातू घाबरला म्हणून कपाटात पडून होता. त्या दिवशी बाईनं तो मागून घेतला आणि मैदानात नेला. लहान पोरांच्या कुस्त्यांत एक आठ-नऊ वर्षांचा बारका, बरगड्या मोजून घ्याव्यात असा, त्यानं आपल्या दीडपट पोराला उचलून टाकला. बक्षिसासाठी फिरत आमच्यापर्यंत आला तेव्हा बाईनं पन्नासची नोट दिली आणि तो मुखवटा त्याच्या डोक्यात घातला. पोरगं खूश, शड्डू ठोकत निघालं. मैदान हसायला लागलं. एवढ्यात पलीकडून त्याचे वस्ताद आले, पांढरी टोपी, हातात वेताची छडी. त्यांनी मुखवटा अलगद काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "आधी तोंड दाखव सगळ्यास्नी. कुणाचा हाईस कळू दे. मग घाल घरी जाऊन." लेकीनं ते बाईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

त्यानंतरचं जेवण

साडेआठला एक नंबरची कुस्ती सुटली. "सुटली" म्हणजे बरोबरीत सोडवली, त्यामुळं उंच पाहुण्याचा बदला अर्धाच राहिला. मग तिसरं खाणं. जत्रेच्या खाऱ्या दिवशी तुमची ओळख असो-नसो, कुणीतरी हाताला धरून घरी नेतंच. म्हणून मघाशी भजी दोनच. मटणाचा तांबडा रस्सा, भाकरी, कांदा, भात. पाहुणे खात नसतील ते आधीच सांगा, ताटात वाढल्यावर सांगितलं तर घरच्या बाईच्या जिवाला लागतं. जाताना घरच्या पोरांसाठी किलोभर पेढे न्या, पैसे देऊ करू नका. बाईनं भाकरी थापायला मागितली. तिची भाकरी जाड झाली, काठ फाटले, पण तव्यावर टाकताना हात चुकला नाही. ज्या घरात आम्ही जेवलो त्या आजी म्हणाल्या, "सवय हाय हिला."

कपड्यांचं एक राहिलं. पाहुण्यांना पांढरं घालून येऊ नका म्हणून आधी सांगा. मी विसरले. उंच पाहुण्याच्या पांढऱ्या शर्टावर जोड लावताना मातीचे दोन पंजे उठले. मातीत हळद असते, साबण लागला की डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरतो. नुसत्या गार पाण्यात माती झटकायची आणि शर्ट ओलाच कडक उन्हात टाकायचा, पिवळेपणा उन्हानं उडतो. मी बादली भरून ठेवली होती. त्यानं शर्ट दिलाच नाही, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बॅगेत टाकला.